कर खात्याच्या नावाने येणारे फोन

कर खात्याचा अधिकारी असल्याची बतावणी करून फोनवरून पैसे उकळण्याचा प्रकार आता जगाला नवा राहिलेला नाही. अमेरिकेच्या कर खात्याने, म्हणजे आयआरएसने, ऑक्टोबर २०१३ मध्येच याबद्दल देशभर इशारा दिला होता. त्यानंतर ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत अशा एकेका देशात तीच तऱ्हा थोड्याफार फरकाने दिसली. इतकी वर्षं इशारे दिले जात असताना, वर्तमानपत्रांत बातम्या येत असताना, शिकलेसवरलेले लोक अजून का फसतात? माझ्या मते याचं उत्तर फसणाऱ्याच्या भोळेपणात शोधणं अन्यायाचं आहे. खरं कर खातं माणसाशी कसं वागतं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. विवरणपत्र सीए भरतो आणि नोटीस आली तर तीही त्याच्याच हातात जाते. या न दिसणाऱ्या खात्याची भीती मात्र प्रत्येकाच्या मनात असते. भामट्यांचा सगळा धंदा त्या भीतीवर आणि त्या अज्ञानावर उभा आहे.

मराठी माणसाने हा विषय परदेशातला म्हणून बाजूला ठेवू नये, कारण त्याचं एक मोठं पान ठाणे जिल्ह्यात लिहिलं गेलं. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. तिथे शेकडो तरुण मुलंमुली काम करत होती. सुमारे सत्तर जणांना अटक झाली आणि बाकीच्यांची चौकशी झाली. पाळी रात्रीची, कारण तेव्हा अमेरिकेत दिवस असतो. मुलं बहुतेक विशीतली, पगार महिन्याला दहा-पंधरा हजारांच्या घरातले. त्यांना अमेरिकी उच्चार शिकवले जात, इंग्रजी नावं दिली जात आणि काय बोलायचं ते लिहिलेले कागद हातात असत. समोरचा घाबरला तर पुढचं वाक्य कोणतं, वकिलाशी बोलतो म्हणाला तर कोणतं, हे सगळं त्या कागदांत होतं. या प्रकरणातला मुख्य आरोपी सागर ठक्कर दुबईला निघून गेला होता. एप्रिल २०१७ मध्ये मुंबई विमानतळावर उतरताच त्याला पकडलं. छाप्यांनंतर अमेरिकेत अशा फोनांच्या तक्रारी झपाट्याने खाली आल्या. मीरा रोडच्या त्या मजल्यांवरून केवढं काम चाललं होतं, याचा अंदाज त्यावरून यावा.

मीरा रोडचे छापे पडले त्याच महिन्यात, २७ ऑक्टोबर २०१६ रोजी, अमेरिकेच्या न्याय खात्याने टेक्सासमध्ये दाखल केलेलं आरोपपत्र जाहीर केलं. त्यात ५६ व्यक्ती आणि अहमदाबादची पाच कॉल सेंटरं होती. फसलेल्यांचा आकडा किमान १५,००० सांगितला गेला. २०१८ पर्यंत अमेरिकेत राहून या टोळीसाठी काम करणाऱ्या दोन डझन लोकांना शिक्षा झाल्या, काहींना २० वर्षांपर्यंत. अहमदाबादचा हितेश पटेल सिंगापूरमध्ये पकडला गेला. त्याला अमेरिकेच्या ताब्यात देण्यात आलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्यालाही २० वर्षांची शिक्षा झाली.

या आरोपपत्रातली एक हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावच्या एका व्यक्तीला या लोकांनी वीस दिवस फोन केले. आम्ही आयआरएसचे अधिकारी, तुमचा कर थकला आहे, एवढाच धोशा. त्या वीस दिवसांत तिच्याकडून १,३६,००० डॉलर काढले गेले आणि ते भरायला लावले पैसे साठवण्याच्या २७६ कार्डांवर. म्हणजे ती व्यक्ती दुकानात जाऊन कार्डं घेत होती, त्यावर पैसे भरत होती, मागचे आकडे फोनवर वाचून दाखवत होती आणि पुन्हा दुकानात जात होती. कार्डामागून कार्ड घेणाऱ्या माणसाला गल्ल्यावरच्या कोणीही ‘हे कशासाठी?’ असं विचारलं असतं, तर कदाचित तो व्यवहार तिथेच थांबला असता. पण फोनवरून ताकीद असते की कोणाला सांगायचं नाही, दुकानदाराने विचारलं तर भेट द्यायची आहे म्हणायचं. सॅन दिएगोच्या ८५ वर्षांच्या एका बाईंकडून असेच १२,३०० डॉलर गेले. त्याच दिवशी टोळीच्या टेक्सासमधल्या माणसाने त्यांच्या पैशांच्या कार्डावर मनीऑर्डरी विकत घेतल्या. आकडे सांगितल्यापासून पैसे हातचे जाईपर्यंत काही तास पुरतात, हे त्यावरून दिसतं. तक्रारीची घाई का करायची, हेही त्यातूनच कळतं.

हा फोन कसा रचलेला असतो ते नीट पाहण्यासारखं आहे. पुष्कळदा सुरुवात ध्वनिमुद्रित निरोपाने होते: तुमच्यावर खटला दाखल होत आहे, या क्रमांकावर ताबडतोब संपर्क साधा. ज्यांना हे खोटं वाटतं ते फोन करत नाहीत. जे उलटा फोन करतात ते आधीच घाबरलेले असतात. भामट्यांची निम्मी मेहनत तिथेच वाचते. मग पहिला माणूस नाव, पत्ता, ओळख क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सांगतो. ही माहिती बाजारात विकत मिळते, पण ऐकणाऱ्याला वाटतं, खात्याशिवाय हे कोणाला माहीत असणार? मग अधिकाऱ्याचं नाव आणि बिल्ला क्रमांक. फोनच्या पडद्यावर खात्याचाच क्रमांक उमटलेला असतो, कारण इंटरनेटवरून केलेल्या फोनला हवा तो क्रमांक लावता येतो. मागे इतर अधिकाऱ्यांच्या बोलण्याचा आवाज येत असतो. थोड्या वेळाने दुसरा फोन येतो आणि तो म्हणे पोलिसांचा. ही दुसरी ‘साक्ष’ मिळाली की उरलासुरला संशयही विरतो. शेवटी सौदा पक्का करणारा अनुभवी माणूस येतो आणि तो फोन सोडत नाही. बँकेत जाताना, दुकानात जाताना, रांगेत उभं असताना फोन चालूच ठेवायला लावतो. मुलाला विचारू, शेजाऱ्याला विचारू, अशी उसंत माणसाला मिळू नये म्हणून ही सगळी धडपड असते.

परदेशात नव्याने गेलेल्यांसाठी यात एक धारदार सुरी आणखी असते, ती देशाबाहेर काढण्याच्या धमकीची. अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी या प्रकरणांत वृद्धांबरोबर कायदेशीर स्थलांतरितांचाही उल्लेख खास केला होता. ज्याचा व्हिसा नोकरीवर टांगलेला आहे, ज्याला तिथले कर नियम पुरते कळलेले नाहीत, त्याला ‘कर थकल्यामुळे उद्या तुझा व्हिसा रद्द’ हे ऐकवलं की त्याची रात्रीची झोप उडते. कॅनडात शिकायला गेलेली भारतीय मुलंही अशीच गाठली गेली. पुण्या-नागपूरच्या आईबापांनी आपल्या मुलांशी याबद्दल एकदा मोकळेपणाने बोलावं. ‘असा फोन आला तर रात्री तीन वाजता आम्हाला उठवलंस तरी चालेल’ हे वाक्य ऐकलेलं मूल एकटं पडत नाही.

आता खरं खातं कसं वागतं ते पाहू. आयआरएस पहिला संपर्क सहसा टपालाने करतं. थकबाकीची रक्कम चुकीची वाटली तर हरकत घ्यायला, अपील करायला वाव असतो. भेटकार्डावर, क्रिप्टोवर, कोणाच्या खाजगी खात्यावर कर भरायला ते सांगत नाही आणि फोनवर अटकेची धमकी देत नाही. ब्रिटनच्या कर खात्याचे आणि कॅनडाच्या महसूल संस्थेचे नियमही ढोबळमानाने असेच आहेत. भारतात १ ऑक्टोबर २०१९ पासून प्राप्तिकर विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक, ज्याला सगळे डीआयएन म्हणतात, तो असावा लागतो. मोजके अपवाद सोडले तर तो नसलेलं पत्र मुळात पाठवलंच नाही असं धरलं जातं. हा क्रमांक ई-फायलिंगच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो, त्यासाठी लॉगिन लागत नाही. जीएसटी आणि सीमाशुल्काच्या पत्रांनाही नोव्हेंबर २०१९ पासून तसाच क्रमांक आहे. कराची मागणी निघालीच तर ती लेखी येते, भरायला सर्वसाधारणपणे ३० दिवस मिळतात आणि ती चुकीची वाटली तर वर दाद मागता येते. कर भरायचा तो चलन काढून, सरकारच्या खात्यात. कोणा साहेबाच्या यूपीआयवर कर जमा होत नाही.

इतकं माहीत असलं की उच्चार, क्रमांक, शिक्का, गणवेश यांवर डोकं शिणवायची गरज उरत नाही. यांपैकी प्रत्येक गोष्टीचं सोंग आणता येतं, आणि आवाजाचं सोंग तर आता संगणकही हुबेहूब आणतो. सोंग आणता येत नाही ते मागणीचं. आत्ताच भरा, कोणाला सांगू नका, आणि परत फिरवता येणार नाहीत अशा रस्त्याने पैसे पाठवा. या तीन मागण्यांवाचून भामट्याचं काम होतच नाही. खऱ्या खात्याला यांतली एकही करण्याचं कारण नसतं.

पण दोष सगळा लोकांवर टाकून भागणार नाही. सरकारी खात्यांनीही आपली ओळख पुसट करायला हातभार लावला आहे. आयआरएस फोन करत नाही, असं लोकांना वर्षानुवर्षं सांगून झाल्यावर एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेने जुनी थकबाकी वसूल करायचं काम खाजगी कंपन्यांना दिलं आणि त्या कंपन्या फोन करू लागल्या. आधी पत्र येतं, त्यात पडताळणीचा क्रमांक असतो हे खरं, पण साध्या माणसाच्या डोक्यातला सोपा नियम मोडला तो मोडलाच. आपल्याकडेही प्राप्तिकर विभागाकडून एसएमएस येतात, विवरणपत्रातल्या विसंगतीबद्दल ईमेल येतात, आणि त्यांच्याच गर्दीत खोटे संदेश मिसळतात. २०२३ मध्ये ‘तुमचा १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे, खाते क्रमांक तपासा’ असा संदेश देशभर फिरला. केंद्र सरकारच्या पीआयबीच्या फॅक्ट चेकने तो खोटा असल्याचं जाहीर केलं. त्याआधी २०२१ मध्ये सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या मोबाइलमधल्या घातक प्रणालीबद्दल सावध केलं होतं. ती प्राप्तिकराच्या परताव्याचं ॲप म्हणून फोनमध्ये शिरायची आणि बँकेची माहिती चोरायची. भीतीचा फोन आणि परताव्याचं आमिष एकाच धंद्याच्या दोन बाजू आहेत. जुलै ते सप्टेंबर, म्हणजे विवरणपत्रं भरून लोक परताव्याची वाट पाहत असतात त्या दिवसांत, दुसरी बाजू जास्त चालते.

भारतात गेल्या काही वर्षांत याच फोनला ‘डिजिटल अरेस्ट’ हे रूप आलं. कर थकल्याचं कारण बाजूला पडून अमली पदार्थांचं पार्सल, आधारवर उघडलेलं खातं, मनी लाँडरिंग अशी कारणं आली. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे सीबीआयचं किंवा ईडीचं चिन्ह. २०२४ मध्ये पंजाबातल्या एका ज्येष्ठ उद्योगपतीपुढे तर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली गेली आणि सात कोटी रुपये काढले गेले. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना हा विषय घ्यावा लागला. कोणतीही तपास यंत्रणा फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर चौकशी करत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. फोन कुठून येतात याचा माग काढता बरेचदा कंबोडिया, म्यानमार, लाओसमधल्या कुंपणबंद वसाहती सापडतात. तिथे बसलेल्यांत नोकरीच्या नावाखाली फसवून नेलेले भारतीयही आहेत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोतहून अशा वसाहतींतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणलं. फोन करणारा मुलगा मीरा रोडला पगारावर होता, या वसाहतींत तो पासपोर्ट काढून घेतलेला कैदीही असू शकतो. त्यामुळे पलीकडून बोलणाऱ्याला शिव्या घालून काही साधत नाही. त्याच्याशी बोलणं तोडावं आणि क्रमांक कळवावा.

कळवण्याच्या बाबतीत आपल्याकडे दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोकांची त्यात गल्लत होते. पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन किंवा संदेश आला, तर ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या किंवा ॲपवरच्या ‘चक्षू’ सुविधेत तो नोंदवायचा. मार्च २०२४ पासून ती आहे आणि अशा नोंदींवरून क्रमांकांची छाननी होऊन ते बंद केले जातात. पैसे गेले असतील तर दुसरं काहीही करण्याआधी १९३० हा मदत क्रमांक लावायचा. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार, बँकेला लेखी सूचना आणि पोलीस ठाण्यात गुन्हा. १९३० मागे जी यंत्रणा आहे ती २०२१ मध्ये सुरू झाली आणि ती बँकांना एकमेकींशी जोडते. तुमचे पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते असतील तर अडवायचे, पुढे गेले असतील तर पुढच्या खात्यात अडवायचे, असं तिचं काम. पैसे पाच-सात खात्यांत फुटून एटीएममधून निघाले किंवा क्रिप्टोत गेले की ती हतबल होते. म्हणून फोन लावताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव हातात असावं. कॉलची नोंद, स्क्रीनशॉट, आलेली खोटी पत्रं काहीच पुसू नये. लाजेपोटी माणूस पहिल्यांदा चॅट पुसतो आणि पुरावा तिथेच जातो.

ही लाज तोडणं माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीचं आहे. फसलेला माणूस घरात सांगत नाही, कारण ‘तुम्हाला एवढंही कळलं नाही का?’ हा प्रश्न त्याला आधीच ऐकू येत असतो. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी, डॉक्टर दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि त्या दोन दिवसांत पैसे कायमचे जातात. पोलीस ठाण्यातही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो. तो विचारणाऱ्या प्रत्येक हवालदाराला आणि प्रत्येक मुलाला कळायला हवं की त्याच्या त्या एका वाक्याने पुढच्या दहा तक्रारी अडतात.

अमेरिकेत असाल तर अशा फोनाची तक्रार अमेरिकी अर्थखात्याच्या कर-महानिरीक्षकांकडे करायची, ते कार्यालय टिग्टा म्हणून ओळखलं जातं. व्यापार आयोगाकडेही करावी. भेटकार्डाचे आकडे सांगून बसला असाल तर पहिला फोन कार्डाच्या कंपनीला, पावती हातात धरून. ब्रिटनमध्ये कर खात्याच्या नावाचा खोटा एसएमएस ६०५९९ वर पुढे पाठवता येतो. कॅनडात फसवणूकविरोधी केंद्र आहे, ऑस्ट्रेलियात कर कार्यालयाची स्वतःची व्यवस्था आहे.

तक्रारींमधून काय घडू शकतं याचं एक ठोस उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथल्या कर खात्याचे मदत क्रमांक फक्त फोन घेण्यासाठी असतात, त्यांवरून बाहेर फोन जात नाही. भामटे नेमके तेच क्रमांक पडद्यावर उमटवत. २०१९ मध्ये खात्याने दूरसंचार नियामकाबरोबर बसून असे क्रमांक लावून येणारे सगळे फोन जाळ्यातच अडवायची सोय केली आणि त्या क्रमांकांचं सोंग जवळजवळ थांबलं. अमेरिकेने २०१९ च्या कायद्याने दूरसंचार कंपन्यांना फोन करणाऱ्याच्या क्रमांकाची पडताळणी सक्तीची केली. ती जून २०२१ पासून बहुतेक कंपन्यांना लागू झाली. भारतानेही ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशातून येणारे पण भारतीय क्रमांक दाखवणारे फोन अडवणारी यंत्रणा सुरू केली. तिचा परिणाम असा झाला की भामटे व्हॉट्सॲपकडे आणखी वळले, आणि तिथे दूरसंचार खात्याचा हात तोकडा पडतो.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे आपण सर्वांत मागे आहोत. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये भारतीयांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. हे सगळ्या प्रकारांचे मिळून, पण चढण किती उभी आहे ते दिसतं. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम ग्राहकाला संरक्षण देतो ते त्याने न केलेल्या व्यवहारांबद्दल. भीतीपोटी स्वतःच्या हाताने पैसे पाठवणारा त्यात सहसा बसत नाही. त्याचे अडवून ठेवलेले पैसे परत मिळायलाही बऱ्याचदा न्यायालयाची पायरी चढावी लागते. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून वेगळा रस्ता धरला. फसवून करायला लावलेल्या बँक हस्तांतरणाची भरपाई ८५,००० पौंडांपर्यंत बँकांनी करायची, आणि तो भार पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेने निम्मा-निम्मा उचलायचा. यातला दुसरा अर्धा मला कळीचा वाटतो. प्रत्येक फसवणुकीला पैसे उतरवून घेणारं एक भाड्याचं खातं लागतं. ते कोणीतरी गरजू मुलाच्या नावावर पाच-दहा हजारांत उघडलेलं असतं, आणि कोणत्या तरी शाखेने ते उघडून दिलेलं असतं. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये ‘म्यूलहंटर’ ही संगणकीय प्रणाली जाहीर केली, ते चांगलं पाऊल आहे. पण महिनाभरापूर्वी उघडलेल्या, एरवी चार-पाचशे रुपयांची उलाढाल असणाऱ्या खात्यात दुपारी वीस लाख येऊन संध्याकाळपर्यंत निघून जातात आणि त्या बँकेला एक रुपयाचीही झळ बसत नाही, तोवर तिने ते खातं बारकाईने का पाहावं? ब्रिटनसारखी वाटणी इथे लागू करावी, ही मागणी ग्राहक संघटनांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि आपल्या खासदारांनी रिझर्व्ह बँकेकडे लावून धरायला हवी.